खात्यातून पैसे परस्पर गेले, आता ते परत कसे मिळवायचे?

बँकेच्या शाखेत माझी तीस वर्षं गेली, त्यातली शेवटची काही तक्रारींच्या टेबलावर. सोमवारी सकाळी शटर वर जायच्या आधीच कुणीतरी पासबुक घट्ट धरून पायरीवर बसलेलं असायचं. पैसे गेलेले असायचे शुक्रवारी संध्याकाळी. मधले दोन दिवस हा माणूस बँक उघडण्याची वाट बघत जागलेला असायचा, आणि नेमके तेच दोन दिवस त्याला सगळ्यात महाग पडलेले असायचे.

बसल्या बसल्या पहिला प्रश्न यायचा, "साहेब, पैसे परत मिळतील का?" मी उलट विचारायचो, "कोणाकडून?" प्रश्न तिरसट वाटतो, पण सगळी मेख तिथेच आहे. पैसे परत यायला दोन रस्ते आहेत. एक चोराच्या मागे जातो. तुमचे पैसे कुठल्यातरी खात्यात पडलेले असतात, ते काढून घ्यायच्या आत तिथेच अडवायचे आणि परत आणायचे. दुसरा बँकेच्या मागे जातो. चोर सापडो न सापडो, नियमाप्रमाणे नुकसान बँकेने सोसायचं असेल तर बँकेने आपल्या खिशातून भरून द्यायचं. पहिल्या रस्त्यावर घड्याळ मिनिटांचं आहे, दुसऱ्यावर कामकाजाच्या दिवसांचं. कागद वेगळे, अधिकारी वेगळे. एका रस्त्यावर निघाल्याने दुसरा बंद होत नाही, आणि एकावर केलेली तक्रार दुसऱ्यावर आपोआप पोचतही नाही. "मी पोलिसात दिलंय ना, मग बँकेत कशाला?" असं म्हणणाऱ्यांचे पैसे मी बुडताना पाहिलेत. "बँकेला सांगितलंय, पोलिसांची भानगड नको" म्हणणाऱ्यांचेही.

पहिला तास

आधी खात्यातून पैसे जाण्याच्या वाटा बंद करा. बँकेच्या ॲपमधून किंवा कार्डामागच्या नंबरावर फोन करून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा. नुसतं कार्ड ब्लॉक करून थांबू नका. पैसे यूपीआयने गेले असतील तर कार्डाचा त्यात काहीच संबंध नसतो. त्याच बँकेत एफडी असेल तर ती मोडली गेली आहे का, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेवीवर उचल, काढला आहे का, तुमच्या नावावर झटपट कर्ज उचललं आहे का, हेही लगेच बघा. हल्लीचे चोर शिल्लक संपली की तुमच्या नावाने कर्ज काढून तेही नेतात, आणि खातेदाराला ते पहिला हप्ता कापला गेल्यावर कळतं.

एखादी फाइल उघडल्यावर हे घडलं असेल, म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, वीजबिलाची सूचना, तर तुमचा फोनच चोराच्या हातात आहे असं धरून चाला. त्यावर येणारे ओटीपी तिकडे दिसत असतात. सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला, मूळ फोनचं नेट बंद करा आणि तो तसाच ठेवून द्या. फॉरमॅट करू नका, पुरावा त्यातच आहे. आणि फोनचं नेटवर्क अचानक गेलं, इतरांना रेंज आहे आणि तुम्हालाच नाही, तर कुणीतरी तुमच्या नावाचं दुसरं सिम काढलेलं असू शकतं. सिम कंपनीकडून ते बंद करून घ्या आणि कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठून बदललं हे लेखी मागा.

मग 1930. घरात दोघं असाल तर एकाने बँकेला आणि दुसऱ्याने 1930 ला एकाच वेळी फोन लावावा. ही केंद्रीय गृह मंत्रालयाची आर्थिक सायबर फसवणुकीची मदतवाहिनी. 2021 मध्ये सुरू झाली तेव्हा नंबर 155260 होता, नंतर बदलला. जुन्या व्हॉट्सॲप संदेशात तो जुना नंबर अजून फिरतो, तो विसरा. फोन लावण्याआधी कागदावर लिहून ठेवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, किती रुपये, किती वाजता, आणि व्यवहार क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा क्रमांक 12 आकडी असतो, एनईएफटीचा 16 अक्षरांचा, आरटीजीएसचा 22. चार वेळा पैसे गेले असतील तर चारही क्रमांक द्या. पलीकडचा माणूस हेच विचारतो, आणि ते शोधण्यात पाच मिनिटं गेली तर ती पाच मिनिटं चोराच्या खात्यात जमा होतात.

या फोनने काय होतं? तुमची माहिती एका यंत्रणेत चढते, ती बहुतेक बँकांना आणि वॉलेट कंपन्यांना जोडलेली आहे. तुमच्या बँकेला निरोप जातो. बँक बघते पैसे कुठे गेले. त्या दुसऱ्या बँकेत अजून पडून असतील तर तेवढी रक्कम तिथे रोखून धरतात, बँकेच्या भाषेत होल्ड लावतात. पुढे गेले असतील तर निरोप तिसऱ्या बँकेला, मग चौथ्या. हा पाठलाग पैसे एटीएममधून रोख निघेपर्यंत चालतो. ही मधली खाती बहुधा कॉलेजातल्या पोराने किंवा एखाद्या गरजूने चार पैशांसाठी भाड्याने दिलेली असतात. पैसे चार-सहा खात्यांत फुटून जायला फारसा वेळ लागत नाही. म्हणून तर मिनिटांचं घड्याळ म्हटलं.

फोन संपताना पावती क्रमांक मिळतो, तो जपा. त्याच दिवशी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर जाऊन तक्रार पूर्ण भरा, स्टेटमेंट आणि स्क्रीनशॉट जोडा. 1930 लागतच नसेल, आणि असं होतं, तर डायल करत बसू नका, थेट संकेतस्थळावर भरा. एक नक्की लक्षात ठेवा: 1930 वाले पैसे मागत नाहीत, ओटीपी मागत नाहीत, ॲप टाकायला सांगत नाहीत. एकदा फसलेल्यांची यादी विकली जाते. आठ-पंधरा दिवसांनी "तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला इतकी फी भरा" असा फोन टोळीचाच माणूस करतो. सायबर सेलचं बोधचिन्ह लावलेल्या टेलिग्राम खात्याला हजार-दोन हजार देऊन दुसऱ्यांदा फसलेले लोक मला भेटलेत, आणि त्यात शिकलेलेच जास्त होते.

आता प्रामाणिकपणे ठरवा: झालं काय?

दुसऱ्या रस्त्याला, म्हणजे बँकेकडून भरपाई मिळवायला, आधार आहे रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाचा. ग्राहकाच्या नकळत झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात नुकसान कोणी किती सोसायचं, ते त्यात ठरवून दिलं आहे. त्याच वर्षी 14 डिसेंबरला सहकारी बँकांसाठी तसेच नियम आले. आपल्याकडे निम्म्या गावाची खाती नागरी सहकारी किंवा जिल्हा बँकेत असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. "आमची सहकारी बँक आहे, आम्हाला हे लागू नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका. पतसंस्था मात्र वेगळी. ती रिझर्व्ह बँकेखाली येत नाही, तिची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची.

नियमाचा गाभा असा आहे. बँकेचीच चूक, हलगर्जी किंवा तिच्या माणसाची मिलीभगत असेल तर तुमचं दायित्व शून्य. तुम्ही कळवलं की नाही, कधी कळवलं, याने फरक पडत नाही. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी गळती झाली, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तरी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर दर व्यवहारामागे ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान तुमचं: मूळ बचत खात्याला, म्हणजे शून्य शिलकीच्या साध्या खात्याला 5,000 रुपये, बाकी बचत खाती, लघुउद्योगांची चालू खाती, पाच लाखांपर्यंत मर्यादेची क्रेडिट कार्डं वगैरेंना 10,000, मोठी चालू खाती आणि पाच लाखांवरच्या कार्डांना 25,000. सात दिवसांच्या पुढे गेलात तर बँकेच्या संचालक मंडळाने जे धोरण ठरवलं असेल ते.

यात "दर व्यवहारामागे" हे दोन शब्द नीट वाचा. समजा बचत खात्यातून 20,000 चे दोन व्यवहार झाले आणि तुम्ही पाचव्या दिवशी कळवलंत. तुमच्या अंगावर 10,000 नाही, 20,000 येतात, दोन वेळा दहा. उरलेले 20,000 बँकेने द्यायचे.

आणि तुमचीच चूक असेल, म्हणजे ओटीपी, पिन कुणाला सांगितला असेल तर? मग कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. सव्वा अकराला पन्नास हजार गेले, साडेअकराला तुम्ही फोन केला, आणि पावणेबाराला आणखी पन्नास गेले, तर हे दुसरे पन्नास बँकेने द्यायचे. म्हणून फोन कधी केला ते मिनिटासकट लिहून ठेवा, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढा. पन्नास हजारांचा निकाल त्या एका चित्रावर लागू शकतो.

आणखी एक प्रकार राहिला, आणि आजकाल सर्वांत मोठ्या रकमा त्यातच जातात. डिजिटल अटकेची धमकी (पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवणं), शेअर ट्रेडिंगचं खोटं ॲप, घरबसल्या कामाचं आमिष. इथे पैसे तुम्ही स्वतः, स्वतःच्या हाताने पाठवलेले असतात. बँक म्हणणार, हा व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, नकळत झालाच नाही. 2017 च्या परिपत्रकाचा आधार इथे लंगडा पडतो, हे कडू असलं तरी सांगायला हवं. अशा वेळी सगळी भिस्त पहिल्या रस्त्यावर, 1930 वर. बँकेला कळवाच, पण जोर तिकडे लावा.

तक्रारीत खोटं लिहू नका. ओटीपी दिला असेल तर "दिला नाही" म्हणू नका. पोलिसांना एक आणि बँकेला दुसरं सांगितलेलं पहिल्या चौकशीत उघडं पडतं, आणि मग जे खरं आहे तेही कुणी मानत नाही. पण स्वतःच्या तोंडाने न्यायनिवाडाही करू नका. "माझ्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले" हे वाक्य कित्येक अर्जांत मी वाचलंय, कधी कधी काउंटरवरच्या माणसाने सांगून लिहवून घेतलेलं. घडलं ते लिहा: किती वाजता फोन आला, तो काय म्हणाला, तुम्ही काय केलंत. निष्काळजीपणा होता की नाही ते ठरवणं पुढचं काम आहे.

तीन दिवस कसे मोजायचे

मोजणी व्यवहाराच्या दिवसापासून नाही, बँकेचा संदेश तुम्हाला मिळाल्यापासून. तो दिवस धरायचा नाही. आणि दिवस तुमच्या मूळ शाखेच्या कामकाजाचे. गुरुवारी रात्री संदेश आला तर शुक्रवार पहिला. दुसरा शनिवार असेल तर बँक बंद, रविवार बंद, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. मंगळवारी कळवलंत तरी तुम्ही मुदतीत आहात. मध्ये गणपतीची सुट्टी आली तर तीही वगळा. उशीर झाला म्हणून हात टेकण्याआधी कॅलेंडर काढून मोजून बघा. काउंटरवरचा माणूस सरळ दिवस मोजून "चार झाले" म्हणतो, आणि ग्राहक मान डोलावून घरी जातो.

संदेशच आला नसेल तर? परिपत्रकात बँकेवर बंधन आहे की संदेश कधी पोचला आणि ग्राहकाचं उत्तर कधी आलं, याची नोंद तिने ठेवायची. ती नोंद मागा.

बँकेला द्यायचं पत्र

फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, तरी लेखी पत्र द्याच. दोन प्रती घ्या, एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर ईमेल करा आणि पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. मजकूर साधारण असा:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. माझ्या बचत खाते क्रमांक अमुक मधून तमुक तारखेला खालील व्यवहार माझ्या संमतीशिवाय झाले आहेत (वेळ, रक्कम, व्यवहार क्रमांक). याबाबत मला आपला संदेश अमुक वेळी मिळाला. मी आपल्या मदतवाहिनीवर अमुक वेळी तक्रार नोंदवली, क्रमांक तमुक. 1930 वरील पावती क्रमांक असा. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ही रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत माझ्या खात्यात, व्यवहाराच्या तारखेपासून गृहीत धरून जमा करावी. पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला तातडीने कळवून रक्कम रोखावी. खाते व सर्व इलेक्ट्रॉनिक सुविधा बंद केल्याची वेळ मला लेखी कळवावी."

सहकारी बँक असेल तर तारीख 14 डिसेंबर 2017 लिहा. पैसे स्वतःच पाठवले असतील तर "संमतीशिवाय" हा शब्द वापरू नका, "फसवणुकीने करवून घेतलेले" लिहा.

पत्रातल्या दहा दिवसांचा अर्थ असा. तुम्ही कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम बँकेने तात्पुरती खात्यात जमा करायची असते, विम्याचा दावा मंजूर व्हायची वाट न बघता. दायित्व कुणाचं याचा निर्णय 90 दिवसांत करायचा. 90 दिवसांत ठरवता आलं नाही तर परिपत्रकात सांगितलेली भरपाई द्यावीच लागते. क्रेडिट कार्डाचा वाद असेल तर फसवणूक म्हणून नोंदवलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत कुठलंही शुल्क लावता येत नाही, हा 2022 च्या कार्डविषयक नियमांतला भाग. कार्डाच्या व्यवहारात बँकेकडे डिस्प्यूट फॉर्मही मागा. त्यावरून दुकानदाराच्या बँकेकडून पैसे ओढून आणायची चार्जबॅकची सोय असते. तिला वेगळी मुदत असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात भरा.

"ओटीपी टाकूनच व्यवहार झाला आहे"

दहापैकी आठ वेळा बँकेचं पहिलं उत्तर हेच असतं. दोन ओळी, छापील. ते वाचून बहुतेक लोक फाइल मिटवतात. मी खुर्चीच्या पलीकडे बसून असली उत्तरं पाठवलेली आहेत, म्हणून सांगतो, ते उत्तर म्हणजे शेवट नाही. परिपत्रकात स्पष्ट आहे: ग्राहकाचं दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. ओटीपी वापरला गेला एवढ्याने तो तुम्ही दिला हे सिद्ध होत नाही. सिम बदलून, फोनमधल्या छुप्या ॲपने, कॉल वळवूनही तो जाऊ शकतो.

दुसरं पत्र लिहा आणि नेमक्या गोष्टी मागा. ओटीपी कुठल्या नंबरला, किती वाजता गेला. नवीन लाभार्थी (ज्याला पैसे पाठवायचे ते खातं) कधी जोडला गेला, त्याची सूचना मला पाठवली का. व्यवहार कुठल्या यंत्रावरून, कुठल्या आयपी पत्त्यावरून झाला, आणि ते यंत्र आधी कधी माझ्या खात्याला जोडलेलं होतं का. रोजची मर्यादा बदलली गेली का, कोणी. मी कळवल्यावर तुम्ही खातं किती वाजता गोठवलं. रात्री अडीच वाजता, नव्या फोनवरून, नवा लाभार्थी जोडून, दहा मिनिटांत पाच व्यवहार झाले असतील तर तुमच्या यंत्रणेने ते का अडवले नाहीत, हाही प्रश्न विचारा. या माहितीपुढे छापील उत्तर टिकत नाही. माहिती दिलीच नाही, तर पुढच्या पायरीवर तेही तुमच्याच बाजूने बोलतं.

न्यायालयांनीही हे मानलं आहे. आसाममधला एक ग्राहक ऑनलाइन घेतलेला कपडा परत करायला गेला आणि खोट्या ग्राहक सेवेच्या जाळ्यात सापडला. 94,204 रुपये गेले. त्याने 24 तासांच्या आत बँकेला कळवलं होतं. गुवाहाटी उच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरलं आणि 3 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा 2024 चा निकाल तर हाताशी ठेवण्यासारखा आहे. एका कंपनीच्या खात्याला ऑक्टोबर 2022 मध्ये परस्पर लाभार्थी जोडले गेले आणि सुमारे 76 लाख 90 हजार रुपये गेले. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाने, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने, तक्रार फेटाळली होती. न्यायालयाने 2017 च्या परिपत्रकावर बोट ठेवून ग्राहकाचं दायित्व शून्य मानलं आणि बँकेला पैसे परत करायला लावले. म्हणजे लोकपालाचा नकारही शेवटचा नसतो.

बँकेच्या वरची दारं

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलं ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. नोव्हेंबर 2021 पासून देशभरासाठी एकच योजना आहे. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ऑर्ग डॉट इन वर तक्रार भरायची, किंवा चंडीगढच्या केंद्राला टपालाने पाठवायची, मराठीतही चालते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन 14448. दोन गोष्टींवर इथे तक्रारी उडतात. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसणं, ही एक. दुसरी म्हणजे तोच विषय कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असणं. तेव्हा आधी लोकपाल, मग बाकीचं, हा क्रम पाळा. आणि एकतिसाव्या दिवशीच भरा, पुढे ढकलू नका.

ग्राहक आयोग हे दुसरं दार. घटनेपासून दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. वेळ लागतो, पण मनस्तापाची भरपाई आणि खर्चही मागता येतो.

तिसरं दार फारसं कुणाला माहीत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 46 खाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात, पाच कोटींपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. चोर पकडला गेलाच पाहिजे अशी अट नाही. बँकेने सुरक्षेची काळजी घेतली का, एवढंच तिथे तपासता येतं. पुण्यातल्या एका उद्योगाच्या खात्यातून फसव्या ईमेलमुळे 80 लाख 10 हजार गेले होते. उद्योजकाने त्या ईमेलला उत्तर दिलेलं होतं, तरीही 2013 मध्ये मंत्रालयातून बँकेला 45 लाख द्यायचा आदेश झाला. रक्कम मोठी असेल तर या वाटेचा विचार वकिलाबरोबर बसून जरूर करा.

अडवलेले पैसे सोडवणं

समजा पहिल्या रस्त्यावर यश आलं. सायबर तक्रारीच्या संकेतस्थळावर दिसतं, अमुक बँकेत तुमचे 38,000 रोखलेत. लोकांना वाटतं आता आपोआप येतील. महिने जातात, येत नाहीत. कारण ते पैसे चोराच्या खात्यात आहेत आणि ते तुमचेच हे कुणीतरी अधिकाराने म्हणावं लागतं. बहुधा न्यायालयाने.

त्यासाठी आधी गुन्हा नोंदवलेला असावा. 1930 ची पावती म्हणजे एफआयआर नाही. पोलीस ठाण्यात जा, एफआयआर मागा. घटना कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, आणि त्यासाठी सायबर ठाणंच लागतं असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक करू शकतो, तो तर तुमच्या तालुक्याच्या ठाण्यातही असतो. घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. त्यानेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

मग तपास अधिकाऱ्याकडून पैसे कुठल्या बँकेत, किती रोखले याचा अहवाल घ्यायचा आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली पैसे परत मिळण्याचा अर्ज करायचा. जुन्या फौजदारी संहितेचं हे कलम 457. वकील अजून सवयीने सुपुर्दनाम्याचा अर्ज म्हणतात, तोच हा. सोबत एफआयआरची प्रत, पावती क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट, ओळखपत्र आणि हमीपत्र. आदेश झाला की तो पोलिसांमार्फत त्या बँकेला जातो आणि पैसे तुमच्या मूळ खात्यात येतात. लोकअदालत जवळ आली असेल तर तिथे विषय ठेवता येईल का ते विचारा. रक्कम लहान असेल तर कोर्टात न जाता सोडवता येते का, हेही तपास अधिकाऱ्याला विचारून घ्या. न विचारता कुणी सांगत नाही.

अंगठ्याने पैसे काढणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. आधार जोडलेल्या खात्यातून अंगठ्याचा ठसा चोरून पैसे काढले गेले असतील, आणि गावाकडे आई-वडिलांच्या बाबतीत हे फार होतं, तर ओटीपीचा प्रश्नच येत नाही. ग्राहकाने काही दिलेलंच नसतं. पत्रात हे ठळक लिहा आणि कुठल्या केंद्रावर, कुठल्या चालकाने व्यवहार केला ते मागा. त्याच दिवशी आधारच्या ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करा. खात्याला मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर पैसे गेल्याचं महिना-महिना कळत नाही. तोही जोडून घ्या.

पैसे शेवटी खात्यात दिसले की लोक पेढे वाटतात आणि स्टेटमेंट बघायचं राहून जातं. जमा रकमेची तारीख व्यवहाराच्या दिवसाची धरली आहे का ते बघा. मधल्या काळाचं व्याज तुमचं आहे. शिल्लक कमी पडली म्हणून कापलेला दंड, हप्ता परत गेल्याचं शुल्क, चोराने मोडलेल्या एफडीचं बुडालेलं व्याज, हेही परत मागा. तुमच्या नावावर काढलेलं खोटं कर्ज रद्द झालं का, आणि ते सिबिलच्या, म्हणजे कर्जदाराची पत नोंदवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीतून काढलं का, याचं लेखी उत्तर घ्या. आणि रक्कम देताना बँकेने एखादा कागद सहीसाठी पुढे केला तर त्यात "यापुढे माझी कोणतीही मागणी उरलेली नाही" असं वाक्य आहे का ते आधी वाचा. अर्धीच रक्कम मिळत असेल तर त्या ओळीवर काट मारा, "उर्वरित मागणीचा हक्क राखून" असं हाताने लिहा आणि मगच सही करा.